शून्य कुणाच्या टेबलावर?

कचेरीतल्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा वर्ग पोतनीस साहेब स्वतः घ्यायचे. मागच्या बाकावर वैजयंती खरात कशीबशी डोळे उघडे ठेवून बसायची. रोज दोन एसट्या बदलून यायचं, तसंच परत जायचं. बदलीचा अर्ज देऊन तीन वर्षं झाली, तो नुसता टेबलांवरून फिरत होता.

साहेब सांगत होते, "वाट चुकलेलं माहितीचं पॅकेट नेटवर्कमध्ये जन्मभर भटकू नये, म्हणून त्यावर एक आकडा घालतात. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारं यंत्र, त्यातून एक वजा करतो. ज्याच्याकडे शून्य होतं, त्यानं पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. खरात बाई, पेंगताय काय? उदाहरण द्या!"

वैजयंतीनं पिशवीतून अर्जाची प्रत काढली. "यावर आकडा घाला, साहेब. आपल्याकडे टेबलं सहा."

वर्ग हसला. साहेबांनी ऐटीत सहा लिहून खाली सही ठोकली.

वैजयंतीनं ती प्रत पहिल्या टेबलावर ठेवली. साहेबांचीच सही म्हटल्यावर वर्गात बसलेल्या प्रत्येक कारकुनानं निमूट एक वजा केला, आणि शून्य आपल्या गळ्यात नको म्हणून कागद लगोलग पुढे सरकवला. चौथ्या दिवशी तो सहाव्या टेबलावर, खुद्द साहेबांसमोर आला. आकडा उरला होता एक.

"आता मी काय करू म्हणता?" साहेब गुरगुरले.

"खुशाल शून्य करा," वैजयंती थकल्या आवाजात म्हणाली. "फक्त अर्ज तुमच्या टेबलावर मेला, एवढं लेखी द्या. म्हणजे मी वाट बघायचं सोडते."

साहेबांनी वजाबाकी केली नाही. 'मंजूर' लिहिलं.