पानाच्या भोकातलं आभाळ

एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या उंच ढोलीत, एक म्हातारं घुबड राहत असे. त्याची नजर इतकी तीक्ष्ण की ताऱ्यांपलीकडच्या दीर्घिकाही त्याला दिसत. दीर्घिका म्हणजे, मुलांनो, असंख्य ताऱ्यांचं एकेक गावच. आभाळावर लक्ष ठेवायचं म्हणून वाघाने त्याला ही ढोली दिली होती. त्या ढोलीवर पोपटाचा डोळा. त्याने वाघाचे कान भरले, "महाराज, दिवसभर झोपा काढणाऱ्याला ढोली कशाला? विश्वात दीर्घिका किती, एवढंही त्याला ठाऊक नाही." वाघाने घुबडाला बजावलं, "अमावास्येला आकडा सांग. नाहीतर ढोली पोपटाची."

घुबड एकेक दीर्घिका मोजू लागलं. सातशेच्या आसपास मान वळे आणि कुठली मोजली, कुठली राहिली, याचा घोळ होई. बिचारं रडकुंडीला आलं. फांदीवरून चाललेली मुंगी थबकली. "आजोबा, आम्ही धान्याची रास दाणा दाणा मोजत बसत नाही. एका बिळात किती मावतात ते मोजतो, आणि बिळं किती भरली ते बघतो." तिने किडीने भोक पाडलेलं एक पान दाखवलं. "यातून दिसतील तेवढ्याच मोजा. अन् एकाच जागी बघू नका हो. राशीच्या वरवरचा दाणा टपोराच असतो."

घुबडाने चारी दिशांना पान धरून पाहिलं. कुठे अठरा, कुठे बावीस, साधारण वीस. सगळं आभाळ झाकायला अशी हजार भोकं लागत होती. म्हणजे वीस हजार! पण अमावास्येच्या गडद अंधारात पाहिलं, तर त्याच भोकातून तीस दिसू लागल्या. घुबडाला वाटलं, आता आकडा बदलला तर सगळे हसतील.

वाघापुढे पोपट धडाधड बोलला, "एकवीस हजार तीनशे सात. एक कमी नाही, एक जास्त नाही."

घुबड चाचरत म्हणालं, "महाराज, चंद्रकोर होती तेव्हा वीस हजार वाटल्या. आज तीस हजार निघतात. माझ्या नजरेला न दिसणाऱ्या वेगळ्याच. तीस हजारांहून कमी नसाव्यात, एवढंच सांगतो."

"रोज बदलतो, त्याला आकडा म्हणतात होय?" पोपट हसला.

वाघाने दोघांनाही एकच विचारलं, "मोजलंस कसं?" घुबडाने पान पुढे केलं. पोपट पंख खाजवत राहिला.

"ढोली तुझीच," वाघ घुबडाला म्हणाला. "पानही जपून ठेव. पुढे आकडा वाढला, तर लाजू नकोस. येऊन सांग."

तात्पर्य : सगळं मोजणं शक्य नसेल, तर थोडं नीट मोजावं आणि न दिसलेलंही कबूल करावं; ठोकून दिलेल्या अचूक आकड्यापेक्षा असा अंदाज अधिक भरवशाचा.