मोगऱ्याला फळ का धरत नाही

पूर्वी, कृतयुगाचा सूर्य कलून त्रेतायुगाची पहाट होत होती त्या संधिकाळी, शुभ्रतोया नदीच्या तीरावर अरुणप्रस्थ नावाची नगरी होती. तेथे प्रजावत्सल, रणधुरंधर असा चित्रांशू राजा राज्य करीत असे. कालदंष्ट्र दानवाशी झालेल्या घनघोर युद्धात दानव मेला, पण राजाचे बंधू, काका, पुतणे असे सगळे वीर धारातीर्थी पडले आणि ते तेजस्वी कुळ एकट्या चित्रांशूवर येऊन ठेपले. वंशाला दिवा हवा होता. राजाच्या मते तर दीपमाळच हवी होती.

म्हणून तो दर्भनाभ ऋषींच्या आश्रमात गेला. तेथे त्याने समिधा वाहिल्या, गाई राखल्या. ऋषी प्रसन्न झाले आणि म्हणाले, "राजन्, तुझ्या राणीचा एकही ऋतुकाल वाया जाणार नाही. प्रत्येक ऋतू फलद्रूप होईल. मात्र हे दान जाणूनबुजून नाकारशील, तर दिलेली संततीही परत जाईल."

आता दर्भनाभ पडले आजन्म ब्रह्मचारी. बाळंतपण त्यांनी पाहिले ते आश्रमातल्या हरिणींचे. हरिणी विते, पाडस चाटते, घटकाभराने चरायला जाते. बाईमाणसाचेही तसेच असावे, अशी त्यांची भाबडी समजूत. देणाऱ्याचे काय जाते? विचारायचे ते सोसणाऱ्याला, आणि ते कुणी विचारले नाही.

सोसणारी होती राणी सुरोचना. पहिला पुत्र झाला तेव्हा दुंदुभी दुमदुमल्या, नगरीत साखर वाटली गेली. दुसऱ्याच्या वेळीही वाटली. पुढे वाजंत्रीवाल्यांना सवयच झाली. राणीची मात्र झाली नाही. एक मूल रांगते आहे तोवर दुसरे पोटात, असा तो वराचा महिमा. तिचे केस विरळ झाले, दात हलू लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

त्यात त्या घराण्याचा एक कुळाचार होता. राजस्त्रीने बाळाला अंगावर पाजायचे नाही. बाळ जन्मले की ते धात्रीच्या, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईच्या ओटीत जाई, आणि इकडे दासी मल्लिकेच्या, आपल्या मोगऱ्याच्या, कळ्यांची परडी घेऊन येत. त्या कळ्या राणीच्या छातीवर पसरून वरून रेशमी पट्टा करकचून आवळीत. दूध दाटे, ठणके, अंगात ताप भरे आणि मग आटे. जगाला सुगंधी वाटणाऱ्या त्या फुलांच्या वासाने सुरोचनेला मळमळू लागे. दूध आटले की थोड्याच दिवसांत ऋतू परत येई, आणि ऋतू आला की वर आपले काम करी.

सहाव्या खेपेला कन्या झाली. राणीचे रक्त थांबेना. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि स्पष्टच सांगितले, "देवी, शरीर भरून येण्याआधी पुन्हा गर्भ राहिला, तर तो आपल्याला घेऊनच जाईल."

राजा कासावीस झाला. त्याचे राणीवर प्रेम होते, यात शंका नाही. तो म्हणाला, "प्रिये, मी अंतःपुरात पाऊलच ठेवणार नाही."

"मग पाच मुलगे आणि ही पोर परत जातील," राणी म्हणाली. "वर आपणच मागून आणला आहे, महाराज. त्याची अट आपणच ऐकली होती."

इकडे आड, तिकडे विहीर. राणीने मरावे, नाहीतर तिच्या मुलांनी.

सुरोचनेने पालखी मागवली. तान्ह्या लेकीला आणि धात्रीला बरोबर घेऊन ती दर्भनाभांकडे निघाली. वाटेत धात्री तापाने फणफणली. तिला एका गौळवाड्यात निजवावे लागले आणि पालखी अरण्यात शिरली. थोड्या वेळाने पोर रडू लागली. मधाचे बोट चालेना, गाईचे दूध घशाखाली उतरेना. रडून रडून तिचा आवाज बसला, तेव्हा राणीने कुळाचार बाजूला ठेवला. तिने पट्टा सोडला. कोमेजलेल्या कळ्या मांडीवर गळल्या आणि पोर छातीला लागली.

त्याच क्षणी राणीच्या ओटीपोटात कळ उठली. बाळंतपणाचीच कळ, ओळखीची, पण लहान. पोर ओढी तशी ती येई आणि गर्भाशय मुठीसारखा आवळला जाई. आश्रम येईपर्यंत पोरीने पुन्हा पुन्हा दूध मागितले आणि राणीचा रक्तस्राव कितीतरी उणावला. सहा बाळंतपणे होऊनही हे तिला ठाऊक नव्हते, कारण कुणी तिला पाजूच दिले नव्हते. तिला फार राग आला. मग ती विचार करू लागली. अन्नाचा रस होतो, त्या रसातूनच रज, म्हणजे ऋतूचे रक्त, होते आणि त्यातूनच दूध, असे वैद्य नेहमी सांगत. म्हणजे दोन्ही पाटांना पाणी एकाच विहिरीचे.

दर्भनाभांचा आश्रम वटवृक्षांच्या गर्द छायेत होता. होमधुराने पाने धूसर झाली होती, नीवाराचे दाणे टिपीत शुक कलकलत होते. ऋषींनी राणीला पाहिले आणि ते दचकले. पुत्रवती राजलक्ष्मी येईल असे त्यांना वाटले होते. आली ती अस्थिपंजर.

राणी वंदन करून म्हणाली, "भगवन्, आपल्या वराने माझे घर भरले आणि मी रिती झाले. शेतकरीसुद्धा जमीन एक वर्ष पडीक ठेवतो. मला तेवढीही उसंत नाही."

ऋषी म्हणाले, "कल्याणी, मी अज्ञानाने दान दिले. पण मुखातून गेलेले वचन मला फिरवता येत नाही."

"फिरवू नका. आपले वचन ऋतूला बांधलेले आहे. ऋतू आला तर तो फळेल. तो काही काळ येऊच नये, एवढे मागते. एकाच रसातून रज आणि दूध होते ना? मी सगळा रस दुधाकडे वळवीन."

दर्भनाभांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या मांडीवरच्या पोरीकडे. "स्त्रियांचा ऋतू सोमाच्या हाती आहे," ते म्हणाले. "माझे उरलेले तप त्याला वाहतो."

सायंकाळी पूर्णचंद्र वटवृक्षांवर आला आणि भगवान सोम शुभ्र वस्त्रे लेऊन अंगणात उतरला.

"सुरोचने," सोम म्हणाला, "तुझे बाळ रात्रंदिवस तुझ्याच अंगावर पिईल, त्याच्या मुखात पाण्याचा थेंबही वरचा जाणार नाही, तोवर मी तुझ्या दारापासून दूर राहीन. पण ही कडी आहे, कुलूप नव्हे. सहाव्या महिन्यात उष्टावण झाले, पाजण्यात खंड पडला, की माझा भरवसा धरू नकोस. आणि मी येताना आधी दार वाजवीनच असेही नाही. ऋतू दिसण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो. हा नियम तुझ्यासाठी, आणि तुझ्यानंतरच्या सर्व मातांसाठी."

"पुरे आहे," राणी म्हणाली. "कडी लावायची संधी तर मिळाली."

ती नगरीत परतली तेव्हा दासी ताज्या कळ्यांची परडी घेऊन उभ्याच होत्या. राजा पुढे आला आणि चाचरत म्हणाला, "देवी, कुळाचार..."

"कुळ हवे की आचार, ते ठरवा," राणी म्हणाली. राजाने दासींना बाजूला व्हायला सांगितले. मग राणीने ओंजळीत कळ्या घेतल्या आणि सहा खेपांचा ठणका तिच्या तोंडून बाहेर पडला. "मल्लिके, तू माझे दूध आटवलेस. तुझ्या फुलामागे फळ धरणार नाही."

ओंजळीतली मल्लिका म्हणाली, "देवी, मला खुडले दासींनी, बांधले दासींनी. माझा वंश का बुडवतेस?"

ते खरे होते, आणि राणीला ते पटले. शाप तर मागे घेता येईना. ती म्हणाली, "तुझी फांदी मातीत टोचली तरी रुजेल. वंश वाढेल, पण तुला काही सोसावे लागणार नाही."

राणीने लेकीला रात्रंदिवस पाजले. उष्टावणानंतरही पाजतच राहिली. सोम परतला तो पोर अंगणभर धावू लागल्यावर. तोवर सुरोचनेच्या अंगावर मांस चढले होते, आणि पुढचे बाळंतपण तिने सुखरूप पार पाडले.

तेव्हापासून अंगावर पाजणाऱ्या मातेचा ऋतू लांबतो, आणि जी सोमाचा इशारा विसरते ती फसते. आणि मोगरा बहरतो, घमघमतो, पण त्याला फळ धरत नाही. फांदी लावावी लागते. लोक याला शाप म्हणतात. देताना मात्र सुरोचनेला त्या झाडाचा हेवाच वाटला होता.