सरळ उभ्या पाण्याची गोष्ट

एका राज्यात, दिवसाच्या पहिल्या प्रहरी, राजवाड्याच्या न्हाणीघरात राजा ऋजुसेन अंगभर उटणं लावून चौरंगावर बसला होता. सेवकाने तांब्या कलंडवला. तांब्यातून पाणी आलं नाही. वाफ आली, आणि ती खिडकीतून निघून गेली. घंगाळ रिकामं झालं. मग राजवाड्याचा हौद रिकामा झाला. ज्या आडातून हौदात पाणी येई, तो कुंभारवाड्याचा आडही रिकामा झाला.

हे आपोआप झालं नव्हतं. हुकुमाने झालं होतं.

ऋजुसेनाला वाकडं खपत नसे. त्याच्या राज्यात जिलबीवर बंदी होती. बोकडांच्या शिंगांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. कुंभार गोल मडकी घडवतात, म्हणून त्यांना दरबारात प्रवेश नव्हता. त्यांचं पाणी मात्र चालत असे.

आदल्या संध्याकाळी जादूगार कूटभद्राने राजाला मंतरलेलं भिंग दिलं. त्यातून राजाला आणि राजकन्येला पाण्याचा अतिसूक्ष्म कण दिसला. मध्ये थोरली बहीण, दोन बाजूंना दोन धाकटे भाऊ. बहिणीची प्रत्येक भावाबरोबर एकेक सामाईक घोंगडी, आणि दोन्ही घोंगड्या ती आपल्याकडे ओढत होती. तिघंही कोपरात वाकलेल्या हातासारखी उभी होती.

"वाकडी?" राजा ओरडला. "सरळ करा!"

"सगळ्या पाण्याला, महाराज?"

"मग काय निवडक पाण्याला?"

जादूगाराने मंत्र टाकला. ज्याचा हुकूम तो आधी सुकणार, असा त्या मंत्राचा नियम होता. तो त्याने सांगितला नव्हता. "कुणी विचारलं नव्हतं," तो सकाळी म्हणाला. आणि उलटा मंत्र? "तो मला शिकवलेला नाही."

सूर्यास्तापर्यंत राजाचा पापड होणार होता.

राजकन्या शर्वाणी हौदाकडे धावली. कोरड्या काठावर खंड्या पक्षी बसला होता, उपाशी आणि संतापलेला.

"माझे मासे कुठं गेले, विचार तुझ्या बापाला!"

"बाप उरला तर विचारीन. पाणी कसं आणू ते सांग."

"डोंगरात तीन गुहा आहेत. तिन्हींत घोंगडीवाले राहतात. एकच प्रश्न विचार, थंडी कुणाला वाजते?"

पहिल्या गुहेत जुळे राक्षस एका घोंगडीत बसले होते. दोघांची ओढ सारखी, घोंगडी बरोबर मधोमध.

"थंडी कुणाला वाजते?"

"कुणालाच नाही. जा तू." त्यांना कुणाला चिकटायची गरजच नव्हती.

दुसऱ्या गुहेत धिप्पाड राक्षसीण आणि तिचा काटकुळा नवरा होता. घोंगडी दोघांची, पण तिच्याकडे सरकलेली.

"मला वाजते, बाईसाहेब! लग्न झाल्यापासून!" म्हणत नवरा शर्वाणीच्या शालीला चिकटला.

"घोंगडी काढून घेतलेली नाही हं," राक्षसीण गुरगुरली. "माझी ओढ जास्त, एवढंच. एक टोक उबेचं, एक थंडीचं. आम्ही त्यांना ध्रुव म्हणतो. थंडीचं टोक नेहमी दुसऱ्याची ऊब शोधतं. अहो, सोडा तिला!"

तिसऱ्या गुहेत तीन भाऊ बाकावर सरळ ओळीत बसले होते. कडेचे दोघे दांडगे. ते मधल्याच्या घोंगड्या आपापल्या बाजूला ओढत होते.

"थंडी मला वाजते," मधला म्हणाला.

"मग मला चिकटत का नाहीस?"

"डावीकडची ओढ उजवीकडची ओढ खाते. दोन्ही कडा सारख्याच उबदार. थंडीची बाजू म्हणून दाखवू कुठली?"

"जरा वाकून बसा बघू."

"आमच्यात तशी पद्धत नाही."

"बसा म्हणते ना!"

तिघं कुरकुरत वाकले. दांडगे दोघे एकाच बाजूला आले, घोंगड्याही तिकडेच गेल्या, आणि मधल्याची उघडी पाठ दुसऱ्या बाजूला राहिली. "अगं आई गं!" म्हणत त्याने शाल धरली. शर्वाणीने शाल तिथंच सोडली आणि पळत सुटली. तिला कळलं होतं.

राजाला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वारा आला की तो खडखडत होता.

"बाबामहाराज, पाण्यातल्या त्या ताईची ओढ चुकीची नव्हती. तिघांचं वाकडं उभं राहणंही चुकीचं नव्हतं. सरळ उभं केल्यावर दोन्ही ओढी एकमेकींना खातात. मग एका कणाला दुसरा धरावासा वाटत नाही, आणि पाणी उडून जातं. ज्याचा हुकूम तो आधी सुकला. आता आधी वाकायचंही त्यानेच."

"मी? वाकू?"

"वाका किंवा मोडा. सूर्य टेकलाय."

राजा कमरेतून वाकला. कडकड आवाज झाला. आकाशात कणामागून कण वाकले. एकाच्या कुडकुडत्या भावाने दुसऱ्याच्या उबदार ताईला धरलं, दुसऱ्याच्या भावाने तिसऱ्याच्या ताईला, आणि थेंब झाले. पाणी राजवाड्यावर धो धो कोसळलं. राजा भिजला, फुगला, उटण्यासकट धुतला गेला.

जिलबीवरची बंदी उठली. बोकडांची शिंगं सुटली. कुंभारांना दरबार खुला झाला.

दुसऱ्याच दिवशी भागू कुंभारीण रिकामा गोल घडा घेऊन तिथं उभी राहिली. "पाणी उडालं तेव्हा आमच्या आडातलंही उडालं, महाराज. परत आलं ते सगळं तुमच्याच हौदात कसं?"

राजाने कूटभद्राकडे पाहिलं. कूटभद्राने छताकडे पाहिलं.

कुंभारवाड्याचा आड अजून कोरडा आहे.