जागचा न हललेला पाइप

मंदाकिनीच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. म्हणून तिने नगरपालिकेची रीतसर परवानगी काढून परसाच्या बाजूला घर वाढवलं आणि त्यांच्यासाठी न्हाणीसह खोली बांधली.

पाहणीला आलेले निरीक्षक ढवळीकरसाहेब खोलीत शिरताच थबकले. कोपऱ्यातून गच्चीच्या पाण्याचा पाइप खाली उतरत होता.

"हा पाइप घराबाहेर होता, आता घरात कसा? नियम आहे, बाहेरचा पाइप परवानगीशिवाय हलवायचा नाही. खोली पाडावी लागेल, बाई!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. मंदाकिनीने मंजूर नकाशा उलगडला आणि टेप साहेबांच्या हातात दिली. "नकाशात जुन्या दारापासून पाइप चार फुटांवर आहे. मोजा."

साहेबांनी दोनदा मोजलं. चार फूटच भरले.

"पाइप तसूभर हललेला नाही, साहेब. हललं ते आमचं घर. आणि त्याला हलायची परवानगी, ही बघा, तुमच्याच सहीची!"

साहेबांनी आपली सही न्याहाळली आणि 'हरकत नाही' असा शेरा लिहिला.

"सून कुणाची आहे!" सासूबाई ताठ बसत म्हणाल्या. "साहेब, पाइप काही हलत नाही, आता तुम्ही तरी हला. मला आंघोळ करायचीय."