शब्दकेतूची जीभ

पूर्वी कृतयुगाच्या उतरणीला, देव अजून माणसांच्या अंगणात सहज येऊन बसत असत त्या काळी, पयोष्णीच्या तीरी शब्दकेतू नावाच्या ऋषीचा आश्रम होता. बकुळीच्या सड्याने सुगंधित, हरिणशावकांनी गजबजलेला, अहोरात्र वेदघोषाने दुमदुमणारा! तेथले पोपटसुद्धा ऋचा अचूक म्हणत. न म्हणून सांगतात कुणाला? चुकलेल्या पोपटाला दाणा मिळत नसे.

जगातला प्रत्येक शब्द आपल्या मालकीचा आहे, अशी या विद्वानाची समजूत होती. कुणाचा उच्चार किंवा अर्थ मनास आला नाही की तो टाळूला जीभ लावून ‘च्च, च्च’ करी. समोरच्याचे तोंड तेवढ्यानेच मिटे.

पत्नी शिलंबी दक्षिणेच्या पाषाणगिरीवरची, जाती-पाटे घडवणाऱ्या लोकांची लेक. तीर्थयात्रेत पाय मोडून पडलेल्या या ज्ञानसूर्याला तिने पाठीवर घेऊन डोंगर उतरवला होता. त्याने उपकार फेडायला म्हणून लग्न केले, आणि पुढे जन्मभर आपणच तिच्यावर उपकार केल्यासारखा मिरवला.

एके दिवशी सामगान रंगात आले असता त्यांची नुकती बोलू लागलेली कन्या वेणा पाट्यावर थापा मारीत ओरडली, “कल! कल!”

शिलंबीच्या बोलीत कल म्हणजे दगड. लेकीने आईच्या तोंडून उचललेला हा पहिलावहिला शब्द. शब्दकेतूच्या देववाणीत मात्र कल म्हणजे कोकिळकंठातला मधुर, अस्फुट स्वर. गान थांबले.

“च्च, च्च! शिलंबे, गंधर्वांच्या कंठी शोभणारा शब्द तू धोंड्याच्या गळ्यात बांधलास?”

“स्वामी, आमच्या पणजीच्या पणजीपासून धोंड्याला तोच शब्द आहे. कोकिळेनं अजून हरकत घेतलेली नाही.”

शिष्य फिसकन हसले. ते हसूच ऋषीला झोंबले.

“आजपासून या कन्येशी तू एक अक्षर बोलायचं नाहीस! बोललीस, तर एकटी डोंगर चढशील. कन्या इथंच राहील.”

दगड फोडणाऱ्यांची लेक ती, पण येथे तिचे हात बांधले गेले. वेणा खडा उचलून आणी, आईच्या ओठांकडे बघत राही, आणि शिलंबी तोंडात पदर कोंबून चुलीकडे वळे. हळूहळू पोर विचारीनाशी झाली, नुसती खडे मांडून गप्प बसू लागली. ते गप्प बसणे शिलंबीच्या काळजात पहारीसारखे रुतले.

इकडे शब्दकेतूने घोर तप आरंभिले. ते एवढे घोर, की मंत्रांच्या अध्येमध्ये तो देवांचेही उच्चार सुधारू लागला. अखेर भगवती वाग्देवी अंगणात प्रकटली. तपाने प्रसन्न होऊन नव्हे, कटकटीने कंटाळून.

“देवी, शब्द ज्याच्या तोंडून प्रथम निघाला त्याच्यापाशीच राहो! चोरांच्या जिभेवरून तो उडून जावो!”

“अरे, चोर कुठला?” देवी म्हणाली. “तुझ्या गानात कल हा स्वर आहे, हिच्या डोंगरात दगड आहे. उत्तरेच्या हिमापलीकडे घोड्यांवर हिंडणारे लोक ‘थांब’ म्हणायला ‘कल’च म्हणतात. या तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. कुणी कुणाच्या घरात शिरून नेला?”

“च्च, च्च! मी वर मागितला, व्याख्यान नव्हे.”

“तथास्तु. मात्र वर लागतो मागणाऱ्याला.”

आणि शब्दकेतूच्या जिभेवरून शब्द उडू लागले! ‘जल’ नावाड्यांकडे गेला, ‘धेनु’ गुराख्यांकडे, ‘अग्नि’ अरणी घासणाऱ्या कुण्या आद्य मातेकडे. ऋचा ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे परतल्या. संतापून त्याने शिव्या द्यायला तोंड उघडले, तर त्याही दुसऱ्यांच्याच निघाल्या. साऱ्यांच्या शेवटी ‘माझा’ हा शब्द सालपटासारखा सोलून निघाला. एवढ्या थोर पंडिताने स्वतःचा असा एक शब्द जन्मात घडवला नव्हता. जिभेवर उरले ते त्याच्या खास मालकीचे ‘च्च, च्च’.

“जिभेच्या तोऱ्यावर जगलास,” देवी म्हणाली, “आता जिभेनंच पोट भर.” ऋषीचे अंग आक्रसले, त्वचा करडी झाली, आणि तो सरसर कुडाच्या भिंतीवर चढला.

“शिलंबी, तुला काय हवं?”

“मला लेकीशी बोलायचंय, माते. त्याला वर कशाला लागतो?”

“आणि याला उःशाप?”

शिलंबीने भिंतीकडे पाहिले. “राहू दे इथंच. माशा तरी कमी होतील.”

मग ती पाट्यापाशी बसली, वेणाला मांडीवर घेतले आणि दगडावर तळवा टेकून म्हणाली, “कल.” पोर आईच्या तोंडाकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि दोन्ही हातांनी थापा मारीत तिने आश्रम दणाणून सोडला, “कल! कल! कल!”

भिंतीवरून ‘चुक्, चुक्’ झाले. मायलेकींनी मान वळवली नाही.

तेव्हापासून पाल घरोघरच्या भिंतीवर आहे. तिचा आवाज ऐकून कुणी भुईला बोट लावून ‘सत्य, सत्य’ म्हणतो, कुणी निघालेला उंबऱ्यातून मागे फिरतो, कुणाच्या मनात शंका डोकावते. आवाज एकच, अर्थ ज्याच्या त्याच्या घरचा. त्यातला खरा कुठला, हे भिंतीवरच्या पंडिताला सांगता येत नाही. आणि त्याला कुणी विचारीतही नाही.