विहिरीवरच्या मिटलेल्या मुठी

फार फार पूर्वी, एका कोरड्या मुलखात राजाने खोल विहीर खणायला घेतली होती. पाथरवट पाळण्यात बसत आणि काठावरचे चौघे गडी हातांनी दोर सोडत त्यांना खाली उतरवत. तिथली रीत अशी, की विहिरीत ज्याला इजा होईल, तो बरा होईपर्यंत त्याच्या घरी राजाच्या कोठारातून धान्य जायचं. भीक नव्हे बरं का, हक्क!

एके दिवशी दरड कोसळली आणि एका पाथरवटाचा पाय चेचला. विहिरीच्या कामावर राजाने नेमलेल्या कारभाऱ्याने त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढून टाकलं.

पाथरवटाची बायको कारभाऱ्याच्या दारात उभी राहिली. "आमचा वाटा द्या."

"वाटा कामावरच्या माणसाला. तुझा नवरा आता कामावर आहे कुठे?"

"काम काढून घेतलंत. मोडका पाय घेतलात का काढून?"

"तोंड फार चालतं गं तुझं!"

"चूल बंद पडली की तोंडच चालवावं लागतं, कारभारी."

त्याने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून विहिरीवर कुणी कण्हेना. कुणाचं बोट ठेचलं, त्याने ते मुठीत दडवलं. कुणाचा खांदा निखळला, तो म्हणाला, "काही नाही, मान अवघडलीय." आणि मूर्ख कारभारी मिरवू लागला, "माझ्या हाताखाली कुणाला खरचटतसुद्धा नाही!"

मग विहिरीला पाणी लागलं. ते पाहायला कारभारी स्वतः पाळण्यात बसला.

"सगळे धडधाकट ना रे?"

"होय जी," चौघे म्हणाले.

पाळणा निम्म्यावर आला आणि दोर थरथरू लागला. दोरावरून काहीतरी कोमट ओघळून त्याच्या बोटांवर आलं. रक्त!

"कुणाचा हात फाटलाय?" तो ओरडला.

वर सगळं चिडीचूप.

"अरे, बोला! त्याच्या जागी दुसरा लावा! कामावरून काढणार नाही, देवाशप्पथ!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आज बोलायचं आणि उद्या घरी बसायचं? ओठ आणखी घट्ट मिटले. खाली काळोख, वर मुकी तोंडं, आणि मधे लहान पोरासारखा रडणारा कारभारी.

दोर सुटला.

तो जिवंत राहिला, पण कंबर मोडली. राजा आला, त्याने चौघांना मुठी उघडायला लावल्या आणि एकही हात धड नाही हे पाहून त्याचा चेहरा उतरला. धान्याची पहिली गाडी त्याने पाथरवटाच्या दारी पाठवली. कारभाऱ्याला कामावरून काढलं, पण दुसरी गाडी त्याच्याच दारी गेली. त्यालाही इजा विहिरीतच झाली होती ना!

तरी पुढे कितीतरी दिवस विहिरीवर कुणी मूठ उघडेना. भीती पेरायला एक संध्याकाळ पुरते, उपटायला नाही.

तात्पर्य: जखमी माणसाला हाकलून लावलं तरी त्याचा हक्क सरत नाही, आणि जो हा हक्क नाकारतो, त्याचा जीव दुसऱ्यांच्या लपवलेल्या जखमांवर टांगलेला असतो.