चिखलाच्या हातांची शाल

देवळाच्या दारात ती बाई उभी आहे ना, तिच्या अंगावरची शाल बघा. पांढरीशुभ्र, आणि पाठीवर चिखलाचे पंजे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. सणाला येणारे पाहुणे आधी विचारतात, काय घालून यायचं? त्यांना आम्ही ही शाल दाखवतो.

ही आमच्या खाजणपाड्याची जुनी गोष्ट. किती जुनी, ते कुणी सांगत नाही. तेव्हा मिस्साला, म्हणजे देवळातल्या रविवारच्या प्रार्थनेला, पांढऱ्या शालीशिवाय बाईला आत पाऊल टाकता येत नसे. दारापाशी कातरीनबाय बसायची. कडक बाई. कुणाच्या शालीवर डाग दिसला तर तिथूनच परत धाडायची, म्हणे.

एका साली मिठागरावर फिलू नावाची एक विधवा कामाला आली. परगावची, ओळख ना पाळख. पहिल्याच रविवारी गुडघाभर चिखलाने दारात उभी.

"अगो, देवळात आलीस की मिठागरात?" कातरीनबायने विचारलं.

"मिठागरातूनच आले, बाय. दुसरं लुगडं नाही."

"मग राहा तिथेच उभी. देवाला लांबचं दिसतं."

बायका हसल्या. फिलू बाहेर उभी राहिली, आणि मग दर रविवारी तिथेच उभी राहू लागली.

पुढे गावचा सण आला. भात पोटरीला आलेलं, आणि त्याच दिवशी समुद्राला मोठं उधाण. आत गाणी चाललेली. बाहेर उभ्या फिलूला दिसलं, समुद्राकडच्या बांधाला खांड पडली आहे आणि खारं पाणी शेताकडे वळतं आहे. खारं पाणी शिरलं की ते शेत पुढे कितीतरी वर्षं पिकत नाही. ती ओरडली. गाण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. आत जायची तिला मनाई. तिने उंबऱ्याबाहेरूनच हात लांबवला आणि कातरीनबायची शाल पाठीकडून धरून ओढली.

कातरीनबाय संतापून वळली. शालीवर चिखलाचा अख्खा पंजा. तोंड उघडलं, तेवढ्यात फिलूच्या खांद्यावरून तिला पाणी दिसलं.

सगळं गाव बांधावर धावलं. पुरुष चिखल टाकत होते, पाणी तो धुऊन नेत होतं. तेव्हा कातरीनबायने अंगावरची शाल काढली, तिच्यात चिखल बांधला आणि गाठोडं खांडीत कोंबलं. मग एकेक करून सगळ्या बायकांनी शाली दिल्या. पाणी थांबलं. भात वाचलं, असं सांगतात.

पुढच्या रविवारी गावात पांढरी शाल म्हणून उरली नव्हती. सगळ्या कामाच्या लुगड्यांत आल्या. फिलू मात्र सवयीने बाहेरच. कातरीनबायला माफी मागायची सवय नव्हती. ती दारात गेली आणि फिलूकडे पाठ करून उभी राहिली.

"लाव हात."

"बाय, लुगडं खराब होईल."

"लाव म्हणते ना! आणि चल आत, मिस्सा सुरू झाली."

आजही सणाला दारावरची बाई नवी पांढरी शाल पांघरते. शेजारी खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या, चिखलाचं मडकं असतं. गावात नवा आलेला माणूस, कसल्याही कापडात असो, तिच्या पाठीवर पंजा उमटवतो आणि मग आत जातो. शाल कोरी राहिली, तर ती बाई त्या दिवशी सणाच्या जेवणाला बसत नाही.

तुमचे हात अजून कोरडे आहेत. ती बघा, पाठ करून उभी राहिली.